ढोलीत कोण आहे?



काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आम्ही दोघे पती-पत्नी दांडेलीला गेलो होतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातले, काळी नदीच्या काठचे हे जंगल. आपल्या सिंधुदुर्गात आणि गोव्यात जो सह्याद्री आहे, त्याचीच ती पुढची रांग. आमच्याबरोबर तिथला एक वाटाड्या होता. सकाळी सातच्या सुमारास त्याने आम्हांला एका उंच झाडापासून बऱ्याच अंतरावर झुडपांच्या आड बसवले आणि सांगितले, "बोलू नका, हलू नका. तुम्ही दिसलात तर तो येणार नाही."

आम्ही अर्धा तास बसलो. मग डोक्यावरून धापा टाकणाऱ्या वाफेच्या इंजिनासारखा आवाज आला. एवढा मोठा आवाज पक्ष्याच्या पंखांचा असेल यावर आमचा विश्वास बसेना. तो महाधनेश होता. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे एक मीटर लांब, अंगाने काळा-पांढरा, मानेवर पिवळी छटा, आणि पिवळ्या भल्यामोठ्या चोचीवर जणू शिरस्त्राण घातलेले. तो लगेच झाडाकडे गेला नाही. शेजारच्या फांदीवर बसून बराच वेळ इकडेतिकडे पाहत राहिला. मग खोडाला जाऊन बिलगला. खोडात एक उभी, अरुंद फट होती. घशात साठवून आणलेली फळे त्याने एकेक करून चोचीच्या टोकावर आणली आणि त्या फटीत दिली. आतून दुसऱ्या एका चोचीचे टोक बाहेर येई, फळ घेई आणि आत जाई. आम्ही मोजायला सुरुवात केली आणि विसाच्या पुढे मोजणे सोडून दिले.

आत त्याची मादी होती.

धनेशाची ही रीत पक्षीजगतात आगळीच आहे. त्याला सुतारपक्ष्यासारखे खोड कोरता येत नाही. जुन्या, मोठ्या झाडाला आपोआप पडलेली ढोली त्याला शोधावी लागते. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास मादी त्या ढोलीत शिरते आणि स्वतःची विष्ठा, फळांचा चोथा, लाकडाचा भुगा यांनी आतून तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट फक्त उरते. मग तिची उडायची आणि शेपटीची पिसे गळून पडतात. आता तिने ठरवले तरी तिला उडता येणार नाही. ती एक किंवा दोन अंडी घालते आणि ३८ ते ४० दिवस उबवते. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना म्हणतात, जवळजवळ तेवढाच हा काळ. पिल्ले थोडी मोठी झाली, तिची पिसे पुन्हा आली, की मादी भिंत फोडून बाहेर येते. पिल्लू आतून फट पुन्हा लिंपून घेते, आणि मग दोघे मिळून त्याला भरवतात. हा सगळा संसार सुमारे चार महिन्यांचा. त्यातला निम्म्याहून अधिक काळ आतल्या सर्वांचे पोट एकट्या नराच्या पंखांवर असते. वड, पिंपळ, उंबर यांची फळे, रानजायफळ, आणि पिल्लांसाठी मधूनच एखादा सरडा किंवा किडा, असे काही ना काही घेऊन तो दिवसातून अनेक फेऱ्या करतो.

आम्ही परत निघालो तेव्हा वाटाड्या सहज म्हणाला, "पूर्वी लोक याला मारायचे. चरबीचे तेल सांधेदुखीवर चालते म्हणत. मारणाऱ्याला वाटे, एक पक्षी मारला. पण या दिवसांत एक मारला म्हणजे एक नसतो."

हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. आज आपल्यासमोर मांडायचा आहे तो याच वाक्यातून निघालेला प्रश्न. आपल्याला जे दिसत नव्हते, त्याची जबाबदारी आपल्यावर येते का?

आधी एक खुलासा करतो. पशुपक्ष्यांकडून नीतीचे धडे घेण्याची आपल्याला सवय आहे. मुंगीकडून उद्योग शिका, कावळ्याकडून एकी शिका, असे आपण मुलांना सांगतो. धनेशाचेही कोणी तसे करील. नवरा असावा तर असा, असे म्हणून टाळ्या मिळवता येतील. आम्हांला तसे करायचे नाही. नर धनेश चांगला नवरा नाही आणि वाईटही नाही. त्याच्या निसर्गाने त्याला जसे घडवले तसा तो वागतो. आणि मादीचे उदाहरण घेऊन बाईने घरात कोंडून राहावे असे कोणी म्हणेल, तर तेही खोटे. ती भिंत तिने स्वतः आतून लिंपलेली असते आणि वेळ झाली की ती स्वतःच फोडते. बाहेरून कुलूप लावलेल्या घराशी तिचे काही नाते नाही. नीतीचा प्रश्न झाडावर नाहीच. तो झाडाखाली, बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसापासून सुरू होतो. कारण निवड करणे फक्त त्याच्याच हाती असते.

तो माणूस दुष्टच असतो असे नाही. त्याला समोर एक पक्षी दिसतो. त्याच्या आईचे गुडघे दुखत असतात. पक्षी कुठून आला, कुठे निघाला, त्याच्या घशात कोणासाठी फळे आहेत, हे त्याला ठाऊक नसते. तो गोळी झाडतो आणि घरी जातो. तिकडे, अर्ध्या मैलावर एका खोडाच्या आत, कोणीतरी फटीला चोच लावून वाट पाहत राहते. ही वाट पाहणे त्याला कधीच दिसणार नाही. मग तो दोषी आहे का?

दांडेलीहून परतताना बसमध्ये आम्ही बराच वेळ गप्प होतो. मग आमच्यापैकी एकाने विचारले, "आपला तो मोगऱ्याचा गडी आठवतो?" दुसऱ्यालाही नेमके तेच आठवत होते.

ही गोष्ट आम्ही आजवर फारशी कोणाला सांगितलेली नाही. त्याच्या आदल्या वर्षीच्या एप्रिलमधली ती. आमच्या वाडीत तेव्हा मोगरा होता. मोगऱ्याचे काम कसे असते हे आपल्यातल्या वाडीवाल्यांना सांगायला नको. पहाटे अंधारात कळ्या खुडायच्या, टोपल्या भरायच्या आणि गाडी गाठून दादरच्या फुलबाजारात पोहोचवायच्या. उशीर झाला की कळीचे फूल होते आणि भाव पडतो. आमच्याकडे जव्हारच्या बाजूचा एक तरुण रोजंदारीवर होता. कामाला चांगला, बोलायला कमी. त्या आठवड्यात तो दोनदा उशिरा आला. दुपारी पाटाच्या कडेला बसल्या बसल्या झोपला. तिसऱ्या दिवशी त्याने खाडाच केला. आमची गाडी चुकली, माल पडून राहिला. चौथ्या दिवशी तो आला तेव्हा आम्ही विचारले, "कुठे होतास?" तो म्हणाला, "घरी काम होतं." आम्ही त्याचा हिशेब केला, खाड्याचे पैसे कापले आणि दुसरा माणूस पाहिला आहे असे सांगून त्याला रजा दिली. तो काही बोलला नाही. पैसे मोजून घेतले आणि गेला.

दहा-बारा दिवसांनी किराणा दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने विचारले, "तुमचा गडी कुठे आहे हो? बायको बाळंत झाली म्हणून गूळ आणि खोबरे उधारीवर नेले होते. पैसे द्यायला आलाच नाही."

आम्ही तो राहत असे त्या पत्र्याच्या खोपटाकडे गेलो. खोपट रिकामे होते. शेजारची बाई म्हणाली, बाळंतिणीला आणि पोराला घेऊन गावी गेला. गाव कोणते, तिला सांगता आले नाही. आम्हांलाही ते कधी विचारावेसे वाटले नव्हते. एक अख्खा हंगाम तो आमच्या वाडीत राबला, आणि आम्हांला त्याच्या गावाचे नाव ठाऊक नव्हते.

त्यानंतर तो आम्हांला भेटलेला नाही. दुकानदाराची उधारी आम्ही भरली, पण तेवढ्याने हिशेब मिटत नाही हे आम्हांला कळते.

आम्ही स्वतःची समजूत अनेक प्रकारे घातली. पहिली समजूत अशी की आम्हांला माहीत नव्हते. हे खरेच आहे. पण माहीत नसणे एकाच प्रकारचे नसते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचा बारकाईने विचार केला आहे, आणि आपल्या धर्मसभेच्या नीतिशास्त्रात तो भेद आजही शिकवला जातो. काही अज्ञान असे असते की माणसाने कितीही प्रयत्न केला तरी ते दूर झाले नसते. त्याचा दोष लागत नाही. काही अज्ञान असे असते की थोडे कष्ट घेतले असते तर दूर झाले असते. त्याचा दोष त्या कष्टांच्या आळसाइतका लागतो. आणि तिसरे अज्ञान आपण मुद्दाम जपतो, कारण कळले तर वागणे बदलावे लागेल. आमचे अज्ञान कोणते होते? "घरी काम होतं" हे त्याचे उत्तर ऐकल्यावर "कसले काम?" एवढे दोन शब्द विचारायचे होते. ते विचारायला पैसे पडत नव्हते. मग का विचारले नाही? रागात होतो हे एक. पण त्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती कबूल करतो. विचारले असते आणि काही खरे कारण निघाले असते, तर पैसे कापता आले नसते. म्हणजे आमचे अज्ञान दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या मधले होते.

दुसरी समजूत अशी की त्याने सांगायला हवे होते. हेही अगदी चूक नाही. तोंड उघडले असते तर आम्ही काही राक्षस नव्हतो. पण नर धनेश आठवतो. तो सरळ ढोलीकडे जात नाही. आजूबाजूला कोण आहे हे नीट पाहून घेतो. ज्याच्या पाठीमागे कोणीतरी उघडे पडलेले असते, तो आपले घरटे सहजासहजी दाखवत नाही. गरीब माणूसही मालकापुढे घरची अडचण सांगताना दहा वेळा विचार करतो. सांगितली आणि मालक हसला तर? नाटक म्हणाला तर? वर्षभर आम्ही त्याच्याशी फक्त टोपल्यांविषयी बोललो होतो. मग अचानक त्याने आपल्या बायकोविषयी बोलावे, ही अपेक्षा कुठल्या हक्काने करायची? विश्वासाने सांगावे असे वाटायला, आधी कोणीतरी विचारलेले असावे लागते.

तिसरी समजूत सर्वांत वजनदार आहे. प्रत्येकाच्या मागे काही ना काही असतेच. सगळ्यांची चौकशी करत बसलो तर व्यवहार चालणार कसा? वाडी चालवायची की धर्मादाय संस्था? हा आक्षेप आम्ही उडवून लावत नाही. गाडी चुकली हे नुकसान खरे होते. आणि असेही होऊ शकते की सगळे कळल्यावरसुद्धा माणसाला कामावरून कमी करावे लागते. पण इथे दोन गोष्टींत फरक केला पाहिजे. सगळे जाणून घेणे कोणालाच शक्य नाही, आणि तसे ओझे आपल्यावर नाही. मात्र ज्या क्षणी आपल्या हातून दुसऱ्याचा आधार तुटणार असतो, त्या क्षणापुरते तरी थांबून पाहणे शक्य असते. पानावर बसलेल्या प्रत्येक पक्ष्याची वंशावळ शिकाऱ्याने शोधावी असे कोणी म्हणत नाही. पण चाप ओढण्याआधी, हे वीणीचे दिवस आहेत का, एवढे त्याने स्वतःला विचारावे. निर्णय जितका मोठा, तितकी चौकशी मोठी. आम्हांला वाटते, हे माप व्यवहारातही चालण्यासारखे आहे.

आता कोणी म्हणेल, मन साफ असले की पुरे. त्यावर मुंबईतलीच एक खरी गोष्ट आहे. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला १८९४ मध्ये कारवारहून महाधनेशाचे एक पिल्लू भेट आले. वय तीन महिन्यांच्या आत. त्याचे नाव विल्यम ठेवले. सोसायटीच्या कार्यालयात तो २६ वर्षे राहिला. तो सर्वांचा लाडका होता. फेकलेला टेनिसचा चेंडू चोचीत अचूक झेलत असे. त्याच्या आठवणीने धनेश हे सोसायटीचे बोधचिन्ह झाले, आणि तिच्या मुख्यालयाला आजही हॉर्नबिल हाऊस म्हणतात. १९२० साली तो मेला. तारेचा तुकडा गिळल्याने मेला असे सांगतात. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. पक्ष्यांचा अभ्यास करणारीच ती माणसे. तरीही ज्या वयात पिल्लाने ढोलीच्या फटीतून आईबापांच्या चोचीतली फळे घ्यायची, त्या वयात ते जंगलापासून तोडले गेले, आणि पुढची २६ वर्षे त्याला त्याच्यासारखा दुसरा कोणी मिळाला नाही. चांगले मन हवेच, पण ते डोळ्यांच्या जागी वापरता येत नाही.

मात्र ही गोष्ट निराशेवर संपत नाही. अरुणाचल प्रदेशात न्यिशी नावाची जमात आहे. त्यांचे पुरुष वेताची टोपी घालतात आणि तिच्यावर धनेशाची चोच लावतात. ही त्यांची जुनी परंपरा. धनेश कमी होऊ लागले तेव्हा खऱ्या चोचीऐवजी फायबरग्लासची चोच लावण्याची पद्धत तिथे आणली गेली, आणि अनेकांनी ती स्वीकारली. पुढे २०१२ पासून पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात एक योजना सुरू झाली. गावकरी, वनखाते आणि पक्ष्यांचे अभ्यासक एकत्र आले. धनेशाच्या ढोल्या शोधायच्या आणि वीणीच्या काळात त्यांवर पहारा ठेवायचा. शहरांतली माणसे एकेका घरट्याचे पालकत्व घेऊन पैसे देतात आणि त्यातून राखणदारांना मोबदला मिळतो. या राखणदारांमध्ये काहीजण पूर्वीचे शिकारी आहेत. ढोल्या कुठे आहेत हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार? ज्या नजरेने सावज हेरले, तीच नजर आता राखण करते. माणूस तोच आहे. फक्त झाडाच्या आत कोण आहे, हे आता त्याने मनावर घेतले आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. धनेश फळ गिळतो आणि त्याचे बी दूर कुठेतरी टाकतो. काही झाडांची फळे एवढी मोठी असतात की लहान पक्ष्यांना ती गिळताच येत नाहीत. अशा झाडांच्या बिया दूरवर नेणाऱ्या मोजक्या पक्ष्यांत धनेश येतो. उद्याची झाडे अशी त्याच्या उडण्यातून उगवतात, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणजे न दिसणारे परिणाम वाईटच असतात असे नाही. आपण कधी कोणाला सहज विचारलेले "कसे काय, बरे आहे ना?" कुठे रुजले असेल, आपल्याला कळत नाही. त्या न कळलेल्या चांगल्याचे श्रेय आपण मागू नये. पण न कळलेल्या वाईटाचा मात्र शोध घ्यावा. हे माप थोडे वाकडे वाटेल, पण आम्हांला तेच खरे वाटते. कारण चांगले आपोआप वाढत राहते, आणि वाईट मात्र कोणीतरी थांबवावे लागते.

आपल्या धर्मग्रामात वाडीत राबणारी माणसे आहेत, घरी धुणीभांडी करणाऱ्या बाया आहेत, इमारतींचे राखणदार आहेत, दुकानात पहाटेपासून उभी असलेली मुले आहेत. त्यांच्यापैकी कोणाचा तरी येत्या आठवड्यात खाडा होईल. आपण चिडू. चिडणे स्वाभाविक आहे. पैसे कापण्याआधी आपण एवढेच विचारू या: घरी कोण आहे? उत्तर खोटे निघाले तर आपले दोन मिनिटे गेली. खरे निघाले तर काय वाचले, हे आपल्याला कदाचित कधीच कळणार नाही.

आम्ही आता मोगरा काढून टाकला आहे, वय झाले. केळीला येणाऱ्या गड्याचे गाव, त्याच्या मुलांची नावे आम्हांला ठाऊक आहेत. त्या पहिल्याच्या मुलाचे किंवा मुलीचे नाव मात्र ठाऊक नाही. ते मूल आता शाळेत जात असेल, अशी आमची आशा आहे.